सुट्टीत मुलांना कोणता सिनेमा लावाल? पुस्तकांवरून आलेल्या अद्भुत सिनेमांची तुलना

एप्रिल-मेमध्ये बेळगावातल्या घरी जमणारी मुलं एका वयाची नसतात आणि एका शाळेतलीही नसतात. मुंबई-पुण्याहून आलेली भावंडं इंग्रजी सिनेमाला सरावलेली, वडगाव-शहापूरची मराठी शाळेतली पोरं हिंदीत रमणारी, आणि शेजारच्या कन्नड घरातली मैत्रीण तर येणारच. सहा वर्षांचं धाकटं आणि तेरा वर्षांचा थोरला एकाच सतरंजीवर. त्यात दुपार कलली की वळीव येतो, लाईट जाते आणि अडीच तासांचा सिनेमा अर्ध्यावर राहतो. अशा वेळी पुस्तकावरून काढलेला सिनेमा निवडताना मी एकच गोष्ट बघते. सिनेमा संपल्यावर मुलानं पुस्तक मागितलं पाहिजे, आणि मागितलेलं पुस्तक त्याला वाचता आलं पाहिजे.

भाषेचं आधी सांगते. कन्नड सिनेसृष्टीत डबिंगला कित्येक दशकं विरोध होता आणि मराठीत परदेशी सिनेमे क्वचितच डब होतात. त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या पोरांना एकत्र बसवायचं तर हिंदी हाच मार्ग. सिनेमा ठरवण्याआधी त्याच्या भाषांच्या यादीत हिंदी आहे का, एवढं बघून घ्या.

लहान-मोठी सगळी एकत्र असतील तर मी डोळे मिटून २०१६ चा ‘द जंगल बुक’ लावते. जॉन फॅवरो यांचा हा सिनेमा १०६ मिनिटांचा आहे. चित्रीकरण लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतलं, जनावरं आणि रान बहुतेक संगणकावर तयार केलेलं, तरी जांबोटी-कणकुंबीकडचं रान पाहिलेल्या मुलाला त्यात काही परकं वाटत नाही. हिंदीत बघीराला ओम पुरी, भालूला इरफान खान आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज आहे. पाणवठ्यावर सगळी जनावरं तहानेपोटी वैर विसरून जमलेली असतात, तिथं शेरखान येऊन बोलायला लागतो. तेव्हा स्वयंपाकघरातली आज्जीसुद्धा ‘हा नाना की!’ म्हणत बाहेर येते. लांडग्यांचा म्होरक्या अकेला याला कड्यावरून भिरकावून देण्याचा प्रसंग मात्र फार अचानक येतो. धाकट्याला त्या वेळी जवळ घेऊन बसा.

पण खरी मजा पुस्तकात आहे, आणि ती सिनेमानं घेतलेलीच नाही. किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकात अजगर मोगलीचा मित्र आहे, वानरांच्या तावडीतून त्याला सोडवायला येणारा. वानरांचा राजा लुई तर पुस्तकात नाहीच. आणि शेरखानचा शेवट! सिनेमात वणवा आहे. पुस्तकात मोगली गावात म्हशी राखायला लागलेला असतो, राम नावाच्या दांडग्या रेड्याच्या पाठीवर बसून रानात जातो. शेरखान खाऊन-पिऊन सुस्त होऊन घळीत पडलाय, असं कळल्यावर तो लांडग्यांच्या मदतीनं कळप फोडतो. म्हशी आणि रेडकं घळीच्या खालच्या तोंडाशी, रेडे वरच्या. मग वरून रेडे उधळतात. वाघाला ना पुढं जाता येत ना मागं. ज्याच्या घरी गोठा आहे, ज्यानं एकदा तरी बुजलेली म्हैस दावं तोडून पळताना पाहिली आहे, त्याला हे पान वाचताना काही समजावून सांगावं लागत नाही. निपाणी-खानापूरकडच्या मुलांसाठी हे पुस्तक माझ्या मते सगळ्यात जवळचं. मराठीत त्याच्या संक्षिप्त आवृत्त्या मिळतात, पण विकत घेण्याआधी हा म्हशींचा प्रसंग त्यात आहे ना, हे चाळून बघा.

आभाळ भरून आलेलं असेल तर ‘मटिल्डा’. १९९६ चा, डॅनी डेव्हिटो यांचा, ९८ मिनिटांचा. साहस असं फारसं नाही, पण नुसत्या नजरेनं वस्तू हलवणारी मुलगी आणि वेणी धरून पोरीला भिरकावणारी मुख्याध्यापिका एवढ्यावर सगळी मुलं खिळून राहतात. घरात एखादी पुस्तकात डोकं घालून बसणारी मुलगी असेल, आणि तिला त्यावरून बोलणी बसत असतील, तर तिच्यासाठी हाच. रोआल्ड डाल यांच्या १९८८ च्या पुस्तकातला शेवट मला सिनेमाहून जास्त पटतो. सिनेमात मटिल्डाची शक्ती टिकते. पुस्तकात तिला वरच्या वर्गात घालतात, डोक्याला पुरेसं काम मिळतं आणि शक्ती निघून जाते. दुसऱ्या दिवशी मुलांना वाचनालयात न्या. १८४८ पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्याच गावात आहे, आणि एकटीच वाचनालयात जाऊन पुस्तकं वाचणाऱ्या चिमुकल्या मटिल्डाला बघितल्यावर मुलांना तिथं जायला आग्रह करावा लागत नाही. २०२२ ची संगीतमय आवृत्तीही चांगली आहे, पण इंग्रजी गाण्यांत धाकटी मुलं हरवून जातात.

‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ (२००५) दिसायला झकास, पण टिम बर्टन यांनी कारखान्याचा मालक वोंका याला दंतवैद्य बाप देऊन जे कथानक जोडलं ते पुस्तकात नाही, आणि मला ते ओढून आणल्यासारखं वाटतं. सत्यजित राय यांचा ‘गूपी गाइन बाघा बाइन’ (१९६९) त्यांच्या आजोबांच्या गोष्टीवरचा आहे. भुतांच्या राजानं दिलेले तीन वर आणि भुतांचा नाच कुठल्याही भाषेच्या मुलाला कळतो, मात्र बंगाली संवादांसाठी खालची अक्षरं भराभर वाचता यायला हवीत.

‘ब्रिज टू टेराबिथिया’बद्दल (२००७) स्पष्ट सांगते. जाहिरातीत राक्षस आणि जादूचं राज्य दिसतं, पण गोष्ट मैत्रिणीच्या मृत्यूची आहे. दोरीला लोंबकळून ओढा ओलांडताना दोरी तुटते. सिनेमा उत्तम आहे, पण तो मुलांच्या हाती देऊन आपण भाकऱ्या करायला जाऊ नये. आपल्याकडे जूनमध्ये ओढे भरून वाहतात, मुलं त्यांच्या काठानं शाळेला जातात. बारा वर्षांच्या पुढच्या मुलाबरोबर, शेजारी बसून बघा, आणि नंतर त्याला बोलायचं असेल तर वेळ राखून ठेवा.

आता दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी नेहमीचा प्रश्न: हॅरी पॉटर की नार्निया?

नार्नियाचा पहिला सिनेमा (२००५) भव्य आहे. मूळ पुस्तक १९५० चं. लंडनवरच्या हवाई हल्ल्यांचा विषय सी. एस. लुईस एका वाक्यात उरकतात, अँड्र्यू अ‍ॅडमसन यांचा सिनेमा बॉम्बफेकीनंच सुरू होतो. पुस्तकातली थोडक्यात आटोपलेली लढाई पडद्यावर लांबलचक होते, फुटत्या बर्फाच्या नदीचा थरार तर सिनेमानं नव्यानं घातला आहे. मला त्यातलं आवडतं ते कपाट. ल्यूसी लटकवलेले कोट सारत आत जाते, हाताला मऊ फरऐवजी काटेरी फांद्या लागतात, पायाखाली बर्फ, आणि पुढं रानात एकटाच पेटलेला दिव्याचा खांब. एवढी दोन मिनिटं बघूनसुद्धा मुलं पुस्तक मागतात. असलान या सिंहाला दगडी मेजावर मारतात तो भाग मात्र हळव्या मुलांना झेपत नाही.

हॅरी पॉटरचा पहिला सिनेमा (२००१) १५२ मिनिटांचा. ख्रिस कोलंबस पुस्तकाला घट्ट धरून राहिले आहेत, त्यामुळे हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत पोचायलाच बराच वेळ जातो. तरी मुलं उठत नाहीत. नातेवाइकांकडे जिन्याखालच्या खोलीत वाढलेलं पोर त्यांना लगेच आपलं वाटतं. पुस्तकातलं एक रत्न मात्र गळलं आहे: सात बाटल्यांचं कोडं. काहींत विष, एकीत पुढं जाण्याचं औषध, एकीत मागं फिरण्याचं. हॅरीची मैत्रीण हर्मायनी ते कांडी न उचलता, नुसत्या तर्कानं सोडवते. सिनेमा संपल्यावर हे कोडं पुस्तकात आहे एवढंच सांगा, थोरला पुस्तक शोधायला लागेल.

मुलगा मराठी शाळेत असेल तर माझं उत्तर हॅरी पॉटर, कारण ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत वाचता येतं. इंग्रजी शाळेत असून जाड पुस्तकाला घाबरत असेल तर नार्निया. दोन्ही पुस्तकांत प्रकरणं १७ च, पण नार्नियाचं पुस्तक लांबीला निम्मंच आहे. ज्याला एकदा गोडी लागली की मालिकाच हवी असते, त्यानंही हॅरीकडे जावं. नार्नियाची सात पुस्तकं असून ती चित्रपटमालिका २०१० मध्ये तिसऱ्या भागावर थांबली, हॅरीच्या सात पुस्तकांचे आठ सिनेमे २०११ पर्यंत पूर्ण झाले. फक्त एकाच सुट्टीत आठही लावू नका. चौथ्या सिनेमात सेड्रिक या शाळेतल्या मुलाचा मृत्यू आहे आणि तिथून पुढं सगळं अंधारत जातं. आठ-नऊ वर्षांचं धाकटंही सोबत बसलं तर त्याला पहिले दोन पुरेत, तिसरा पुढच्या मेमध्ये.