मान-व्हिटनी टेस्ट, आठ महिने वापरून: तीन तुकड्यांत निकाल मागू नका

आधीच सांगतो, पहिले दोन महिने मी या टेस्टला शिव्याच घातल्या. (दोन गटांतले आकडे क्रमाने लावून, एक गट खरंच वरचढ आहे का ते तपासणारी ही आकडेवारीतली टेस्ट.)

भोसरी एमआयडीसीत आमचं गियरचं छोटं वर्कशॉप. जुना हीट ट्रीटमेंटवाला सोडून नव्याकडे जायचं का, एवढाच प्रश्न होता. केस डेप्थ, म्हणजे वरच्या कडक थराची खोली, मोजायची तर गियर कापावा लागतो, आणि कापलेला गियर थेट भंगारात. शेठ म्हणाले, "तीन-तीन कापा. गियर काय झाडाला लागतात?" विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलेलं, म्हणून आर हे आकडेवारीचं फुकटातलं सॉफ्टवेअर. नव्याचे तिन्ही तुकडे जुन्याच्या तिन्हींपेक्षा सरस. आणि पी (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका टोकाचा निकाल यायची शक्यता) आली 0.1! चाकणच्या कस्टमरच्या ऑडिटरने पी 0.05 च्या खाली हवी म्हणत रिपोर्ट परत केला.

मला वाटलं सॉफ्टवेअर गंडलंय. एका रविवारी वहीत मांडून बघितलं. सहा तुकड्यांतून तीन निवडायचे प्रकार 20. त्यात एका गटाचे सगळे वर किंवा सगळे खाली, असे टोकाचे प्रकार दोनच. दोन भागिले वीस. म्हणजे तीन-तीन तुकड्यांत, दोन्ही बाजूंनी (नवा सरस की जुना) तपासलं, तर पी 0.1 च्या खाली उतरूच शकत नाही. नव्याची डेप्थ दुप्पट आली असती तरी नाही. चार-चार घेतले की प्रकार 70, आणि पी 0.029 पर्यंत जाते. दोन जादा गियर वाचवायला दोन महिने गेले. या टेस्टमागची विल्कॉक्सनची कल्पना 1945 ची, मान आणि व्हिटनी यांचा पेपर 1947 चा; एवढ्या वर्षांत "इतक्या तुकड्यांत जमणार नाही" अशी एक ओळ आउटपुटमध्ये टाकायला काय जातं?

मत बदललं ते पाच-पाच कापल्यावर. पी 0.016. रिपोर्ट गेल्यावर दिसलं की आमच्या पोराने 0.86 मिमीच्या जागी 8.6 टाइप केलंय. पोटात गोळा आला. दुरुस्त करून पुन्हा चालवलं, पी तीच! टेस्ट फक्त क्रम बघते, आणि तो तुकडा मुळातच सगळ्यात वरचा होता. (खालचा असता तर वाचलो नसतो.) त्याच चुकीच्या आकड्यांवर सरासऱ्यांची तुलना करणारी टी-टेस्ट चालवली, तर पी 0.3 च्या वर. बरं, आकडे अगदी नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) असले तरी मोठ्या नमुन्यात हिची कार्यक्षमता टी-टेस्टच्या साधारण 95 टक्के. फुकटात एवढं पुष्कळ झालं.

हार्डनेसला मात्र अजून डोकं उठतं. आम्ही एचआरसी (रॉकवेल कडकपणाचा आकडा) पूर्णांकात लिहितो: 58, 59, 59, 60. सारखे आकडे आले की आमच्याकडचं आर अचूक पी काढत नाही, वॉर्निंग देऊन अंदाजावर भागवतं. आरच्याच कॉइन या जोड-पॅकेजमध्ये ती अचूक निघते, हे मला सहाव्या महिन्यात कळलं. त्याचाही अर्धा तारा कापला. पाचपैकी साडेतीन.

सध्या पाच-पाच कापतो. शेठ भंगाराचं वजन स्वतः करतात.