टोटल लॉस झालेली गाडी ‘नॉन ॲक्सिडेंट’ म्हणून विकली

ज्यांची गाडी नुकतीच अपघातात गेली आहे आणि जे तशीच दुसरी शोधत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एका विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी, ठरवून निकालात काढलेली गाडी आम्हाला पुण्यात ५ लाख ६० हजार रुपयांना विकली गेली. कागद सगळे खरे होते. आरसी खरी, नंबर खरा, चॅसी नंबर खरा, कर्ज नाही, चलन थकलेलं नाही. जो तो सांगतो, ‘कागद तेवढे नीट बघा.’ आम्ही ते नीट बघितले होते, आणि तरीही हे घडलं.

आमची गाडी फोर्ड इकोस्पोर्ट, २०१७ ची, डिझेल, पांढरी, मागच्या दाराला स्टेपनी. पंचेचाळिशीत मी ड्रायव्हिंग शिकले ते हिच्यावर. सासऱ्यांचं डायलिसिस सुरू होतं तेव्हा दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या हिनेच केल्या. साताऱ्याहून येताना संध्याकाळी कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरत होतो. पुढे वाहनांची रांग लागलेली, म्हणून थांबलो. मागून ट्रक आला तो थांबलाच नाही. त्या उताराबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडायची, मग ब्रेक तापून लागत नाहीत, हा प्रकार तिथे वर्षानुवर्षं चालू आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर एकाच अवजड वाहनाने तिथे एकापाठोपाठ अनेक गाड्या ठोकल्या होत्या. आमच्या गाडीला मागून धक्का बसला आणि ती पुढच्या टेम्पोवर आदळली. दोन्ही एअरबॅग उघडल्या. नवऱ्याचं मनगट मोडलं, मला छातीवर पट्ट्याचा वळ आला, एवढंच. गाडीकडे बघून मात्र आतली माणसं जिवंत असतील असं कुणाला वाटलं नसतं. पुढे काय झालं ते समजायला एअरबॅगची ही गोष्ट लक्षात ठेवा.

नुकसान बघायला विम्याचा सर्व्हेअर येऊन गेला. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. आमचा अंदाज त्याच्या बराच पुढे गेला. मग सॅल्व्हेजचा, म्हणजे मोडक्या गाडीचा विषय निघाला. या गाड्यांना बोली लागते, आणि ती दोन प्रकारची असते: आरसीसह आणि आरसीशिवाय. आमच्या गाडीची आरसीसह बोली आरसीशिवायच्या बोलीच्या दुपटीहून जास्त होती. लोखंड तेच, इंजिन तेच. एका कार्डासाठी कुणी हजारो रुपये जास्त का देईल, असं मी तिथल्या माणसाला विचारलंही. ‘मॅडम, तसाच रेट असतो,’ एवढंच उत्तर मिळालं. कंपनीच्या सांगण्यावरून फॉर्म २९ आणि फॉर्म ३० या मालकी बदलाच्या फॉर्मवर सह्या झाल्या. घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. गाडी क्रेनवर चढली, आठवडाभराने पैसे खात्यात आले.

फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे तशी गाडी नवी मिळणं शक्य नव्हतं. जुनीच घ्यावी लागणार होती आणि घरात सगळ्यांना तीच हवी होती. याच सुमारास फोन आला. ‘ताई, तुमची इकोस्पोर्ट टोटलमध्ये गेली ना? डिट्टो तशीच आलीय आमच्याकडे. २०१८, सिंगल हँड, डॉक्टरची गाडी, ४८ हजार चाललेली, पूर्ण नॉन ॲक्सिडेंट.’ आमचा नंबर त्याला कुणी दिला हे आजही खात्रीने सांगता येणार नाही, पण आमची गाडी गेल्याचं गॅरेज, सर्व्हेअर, विमा आणि सॅल्व्हेजवाले यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. क्लेम चालू असताना किंवा संपताच असा फोन आला, तर ही गाडी तुमच्यापर्यंत कुठल्या वाटेने आली ते आधी विचारा. गाडी गमावलेल्या माणसाच्या हातात पैसे नुकतेच आलेले असतात, रोजची अडचण होत असते आणि काय हवं ते मनात पक्कं असतं. हे त्या लोकांना चांगलं ठाऊक आहे.

त्याचा जुन्या गाड्यांचा यार्ड बायपासजवळच होता. गाडी चकचकीत. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकून पाहिला: मालक क्रमांक एक, बोजा नाही, विमा चालू. व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहून पाठवलं, ‘नॉन ॲक्सिडेंट, मीटर जेन्युइन.’ चक्कर मारली तेव्हा गाडी सरळ पळत होती. किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून विझत होता, हे मी मुद्दाम बघितलं. व्यवहार झाला, महिन्याभरात आरसी माझ्या नावावर झाली.

पावसाळ्यानंतर पुढचे दोन्ही टायर आतल्या बाजूने झिजलेले दिसले. धायरीत अलाइनमेंटला नेली. तिथल्या मुलाने बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, ‘ताई, अँगल बसत नाहीये. गाडी पुढून लागलेली आहे. एखाद्या डेंटिंगवाल्याला दाखवा.’ नऱ्ह्यात एक जुने मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं आणि आमच्याशी बोलायच्या आधी दोन्ही बाजूंच्या ॲप्रनवरून, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या आतल्या पत्र्यावरून, नुसता अंगठा फिरवला. कंपनीचे स्पॉट वेल्ड एकसारखे गोल आणि समान अंतरावर असतात. इथे ग्राइंडर मारून वर पेस्टिंग थापलेलं होतं. पेंट मोजायचं यंत्र लावलं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो, आमच्या पुढच्या पिलरवर आकडा त्याच्या कितीतरी पट आला, म्हणजे खाली पुट्टी. सीटच्या पट्ट्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर तारीख असते. आमच्या २०१८ च्या गाडीत पट्टे २०१४ चे निघाले.

मग त्यांनी विचारलं, ‘स्टिअरिंगचं पॅड खोलू का?’

पॅडच्या मागे काहीच नव्हतं. फुटलेलं झाकण आतून चिकटवून वरून रंगवलेलं, आणि वायरिंगच्या टोकाला एक बारीक रेझिस्टर डकवलेला. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं एअरबॅग जोडलेली आहे, म्हणून दिवा शहाण्यासारखा लागतो आणि विझतो. डाव्या बाजूलाही तेच, डॅशबोर्डवर कापलेल्या जागी रेक्झिन ताणून बसवलेलं. या गाडीतून मुलगी तिच्या मैत्रिणींना घेऊन महाबळेश्वरला जाऊन आली होती. ज्या दोन एअरबॅगमुळे आम्ही वाचलो, त्यांच्या जागी त्या माणसाने चार रुपयांचा तुकडा लावून गाडी आम्हालाच विकली होती, आणि आम्ही कोणत्या अपघातातून उठून त्याच्याकडे आलो हे त्याला माहीत होतं. पैशांचं दुःख मी एकवेळ गिळेन. ही गोष्ट मला गिळता येत नाही.

आरसीवर आधीच्या मालकाचं नाव होतं, त्यांना शोधून फोन केला. पलीकडचे गृहस्थ खरंच डॉक्टर निघाले. ते चकितच झाले. ‘अहो, ती गाडी तर टोटल लॉस झाली. कंपनीने पैसे दिले, गाडी उचलून नेली. भंगारात गेली असंच आम्ही धरून चाललो होतो.’ त्यांनीही कोऱ्या २९-३० वर सह्या दिल्या होत्या. त्यांनी लगेच विमा कंपनीचं सेटलमेंटचं पत्र आणि मोडलेल्या गाडीचे फोटो पाठवले. असा मोकळेपणा फार थोडे लोक दाखवतात.

तेव्हा आरसीसह बोली इतकी चढी का असते ते उमगलं. आरसी जिवंत असली की भंगार परत गाडी होऊ शकतं. बोली लावणारा गाडी घेतो, आपल्या नावावर करत नाही. तो दुरुस्तीवाल्याला देतो, दुरुस्तीवाला यार्डवाल्याला, आणि कोरे फॉर्म हातोहात फिरत राहतात. मधल्या एकाचंही नाव कुठे लागत नाही. शेवटी फॉर्मवर गिऱ्हाइकाचं नाव पडतं आणि पोर्टलवर दिसतं, ‘मालक क्रमांक एक’. सिंगल हँड म्हणाला ते कागदावर खोटं नव्हतंच. आणि हा त्यातला सौम्य प्रकार. काही टोळ्या मोडक्या गाडीचे फक्त कागद वापरतात, त्याच मॉडेलची गाडी चोरून तिच्यावर तो चॅसी नंबर ठोकतात. तसं असतं तर पोलिसांनी गाडीच उचलून नेली असती.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे नोंदणी रद्द होते. क्लेमच्या कागदांच्या ढिगात हे आम्हाला कुणीही सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही. त्याच रात्री मी आमच्या जुन्या गाडीचा नंबर पोर्टलवर टाकला. नोंदणी चालू, मालकाच्या जागी अजून मीच, आणि विमा पुढच्या वर्षीपर्यंत भरलेला. आम्ही भरलेला नव्हे. म्हणजे तीही कुठेतरी रंगरंगोटी होऊन उभी आहे किंवा रस्त्यावर धावते आहे, आणि तिच्याकडून उद्या कुणाला लागलं तर पहिली नोटीस मला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं आहे. गाडी चार हात फिरली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची. दुसऱ्याच दिवशी संगम पुलाच्या आरटीओत सेटलमेंटचं पत्र जोडून अर्ज दिला, विमा कंपनीलाही लेखी कळवलं, दोन्हीकडची पोच घेतली. तुमची गाडी टोटल लॉसमध्ये गेली असेल तर घेणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका, आरसीशिवायचा पर्याय मागा, आणि पैसे थोडे कमी आले तरी चालतील पण नोंदणी रद्द करून घ्या.

गाडी घेणाऱ्यांनी मागावं ते आधीच्या वर्षांचं विम्याचं कागदपत्र. आम्हाला दाखवली ती पॉलिसी विक्रीच्या जेमतेम महिनाभर आधीची होती, आणि तीही फक्त थर्ड पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसान न भरणारी. आठ वर्षांत कधी क्लेम न केलेला माणूस नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असताना विमा मध्येच सोडून थर्ड पार्टी का घेईल? जुनी पॉलिसी ‘सापडत नाही’ म्हणाले की तिथेच उठावं. चॅसी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची नोंदही मालकाकडून मागवा. ती आम्ही नंतर डॉक्टरांमार्फत मिळवली, तर शेवटची सर्व्हिस ६१ हजारांवर झालेली. आम्हाला मीटरवर ४८ हजार दाखवले होते. आणि एक दिवसाचा वेळ मागून गाडी आपल्या मिस्त्रीकडे न्या, यार्डवाल्याने सुचवलेल्याकडे नव्हे. यार्डवाला आरटीओचा अधिकृत डीलर आहे का तेही विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तशी परवानगी घ्यावी लागते आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद करावी लागते. आमच्या माणसाकडे यातलं काही नव्हतं. पैसेही त्याने नातेवाइकाच्या खात्यावर घेतले होते.

त्याला जाब विचारायला गेलो तेव्हा तो शांत होता. ‘ताई, विकणारे डॉक्टर. माझी सही कुठे आहे दाखवा.’ सही नाहीच. पण व्हॉट्सॲपवरचे ते दोन शब्द आहेत, बँकेचं स्टेटमेंट आहे, मिस्त्रींनी पॅड खोलतानाचा व्हिडिओ आहे, डॉक्टरांचं पत्र आहे. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली पोलिसांत अर्ज दिला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये आहे. वकील नसला तरी चालतं, आणि दोन वर्षांची मुदत असते. काही शंका असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नीट माहिती मिळते.

मध्यंतरी एका एजंटने ही गाडी अडीच लाखांना मागितली. ‘तुम्ही फक्त २९-३० वर सही द्या, पुढचं आम्ही बघतो.’ मी त्याला घराबाहेर काढलं. गाडी सोसायटीत झाकून ठेवली आहे, ती आता आयोगापुढचा पुरावा आहे आणि त्या अवस्थेत मी ती कुणालाही चालवू देणार नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत तुम्ही अशा यार्डातून जुनी गाडी घेतली असेल, तर दिव्यावर विसंबून राहू नका. या आठवड्यात ओळखीच्या मिस्त्रीकडे जाऊन स्टिअरिंगचं पॅड खोलून घ्या.