चाळीस पिनांचा एलईडी टेस्टर: आउटपुटला खरा, इनपुटला लबाड

रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, चालेना म्हणून दोन संध्याकाळी मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला शिव्या घालत होते. प्रोग्रॅममध्ये १७, वायरही १७ वर. रिलेचा दिवा मात्र कायम पेटलेला, 'बंद हो' म्हटलं तरी ढिम्म.

मग हा टेस्टर मागवला. पायच्या चाळीस पिनांवर वरून खोचायचा चिमुकला बोर्ड, प्रत्येक जीपीआयओला (प्रोग्रॅमने चालू-बंद करता किंवा वाचता येणाऱ्या पिनेला) एक रेझिस्टर आणि एक लाल एलईडी, बाजूला क्रमांक. कंपनीचं नाव नाही, माहितीचा कागद नाही. खोचला, तोच प्रोग्रॅम चालवला, तर १७ चा दिवा छान लुकलुकला, फक्त माझ्या वायरच्या जागेपेक्षा तीन ओळी अलीकडे! मी हेडरवर, म्हणजे पिनांच्या दुहेरी रांगेत, मोजून सतरावी पिन धरली होती. तिथे कायमचे ३.३ व्होल्ट असतात. जीपीआयओ १७ म्हणजे मोजून अकरावी पिन. हे मला माहीत नव्हतं असंही नाही, म्हणून जास्तच राग आला.

मग हौसेने सगळ्या पिना एकेक करून पेटवल्या. २४ चा दिवा काळाच. पिनेची अवस्था सांगणाऱ्या 'पिनसीटीआरएल' कमांडने विचारलं तर पिन आउटपुट आहे, 'हाय' (३.३ व्होल्ट) करायला सांगितलंय, पण प्रत्यक्षात 'लो' (शून्य). मल्टिमीटरनेही शून्यच दाखवलं. कारण आठवलं: कधीतरी अंतर मोजायच्या एचसी-एसआर०४ सेन्सरची एको पिन (उत्तर देणारी) थेट तिथे जोडली होती. ती ५ व्होल्ट देते, पायच्या पिना ३.३ वरच्या. व्होल्टेज उतरवायला मध्ये दोन रेझिस्टर टाकायचा आळस नडला.

इथवर पाच तारे. पण बटण तपासायला गेलात तर हाच बोर्ड फसवतो. पायच्या आतला पुल-अप, म्हणजे मोकळ्या पिनेला हायकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर, साधारण ५० किलोओहमचा, दुबळा. एलईडी त्याला खाली ओढतो आणि पिन धड हाय नाही, धड लो नाही अशी लटकते. बटण न दाबताच प्रोग्रॅम दाबल्याचं सांगायला लागला. जीपीआयओ २ आणि ३ चे दिवे तर काहीही न करता मंद जळत राहतात. तो बिघाड नाही, त्या दोघांवर पायमध्येच १.८ किलोओहमचे पुल-अप पक्के बसवलेले असतात. याच दोन पिनांवरून पायशी बोलणारा माझा आय-टू-सी डिस्प्ले बोर्ड लावलेला असताना कधी सापडायचा, कधी नाही. काढला की सापडायचा.

खरी तक्रार वेगळीच आहे. हा बोर्ड उलटाही तितकाच सहज बसतो, खाच नाही की खूण नाही. उलटा बसला तर पायचे ५ व्होल्ट बोर्डाच्या ग्राउंडवर (शून्य व्होल्टच्या सामाईक जोडणीवर) येतात आणि त्याच ग्राउंडमधून जीपीआयओ ४, १७, २३ वर थेट पोहोचतात. पिना तपासायला आणलेली वस्तूच पिना जाळणार! छापणाऱ्याला एक बाण काढायला काय झालं होतं? मी पहिल्या पिनेच्या कोपऱ्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे. पायच्या मागे पहिल्या पिनेचा सोल्डर चौकोनी असतो, तो बघूनच खोचते, तेही वीज बंद करून.

साडेतीन तारे. इनपुट तपासताना बोर्ड बाजूला ठेवते. त्याऐवजी ३.३ व्होल्टपासून पिनेपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर, जम्पर (जोडायची छोटी वायर), आणि समोर 'पिनसीटीआरएल'चं उत्तर.