जॉर्डन की मोरोक्को? ग्रुप टूर घेताना

मामेबहिणीला सासू-सासऱ्यांना घेऊन जुनी शहरं आणि वाळवंट दोन्ही बघायचंय, कोटेशन दोन्हीकडची आलीयत आणि ती अडकलीय. ब्रोशरमधले उंटांचे फोटो बाजूला ठेवा, आधी बसमधले तास मोजा.

जॉर्डन छोटा देश, पेट्रा या खडकात कोरलेल्या जुन्या शहराहून वादी रमचं वाळवंट साधारण दोन तासांत येतं. मोरोक्कोत फेस या जुन्या शहराहून मेरझूगाच्या वाळूपर्यंत जायलाच जवळपास अख्खा दिवस जातो, मग माराकेशला उतरताना अॅटलासचा २२६० मीटर उंचीचा घाट, ज्यांना गाडी लागते त्यांनी विचार करूनच जावं.

पण चालण्यात उलटंय. पेट्रात आत शिरायची सीकची घळच सव्वा किलोमीटर, तेवढंच परत, आणि वरच्या मॉनेस्ट्रीला (खडकात कोरलेली मोठी वास्तू) आठशेच्या वर पायऱ्या, गुडघे दुखत असतील तर ती सोडाच. फेसच्या मदिनेत, म्हणजे जुन्या गल्ल्यांच्या भागात, गाड्या नाहीत, चढउतार आहे, पण दमलं की कुठेही चहाला बसता येतं.

खर्च? जॉर्डन महाग. पेट्राचं एका दिवसाचं तिकीटच ५० दिनार, म्हणजे ७० डॉलर! टूरच्या किमतीत ते धरलंय का, लेखी विचारा. मोरोक्कोत जेवण, खरेदी स्वस्त पडते, फक्त बाजारात गाईड ठरावीक दुकानातच नेतो, दोन्हीकडे.

शाकाहाऱ्यांचं हमस-फलाफलवर जॉर्डनमध्ये निभतं, मोरोक्कोत भाज्यांचं ताजीन (मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सा) रोज रोज कंटाळवाणं होतं.

वाळूच्या खऱ्याखुऱ्या टेकड्या हव्यात, गल्ल्यांत भटकायला आवडतं, वेळ आहे, तर मोरोक्को. आठवडाभराची सुट्टी, लांब बसप्रवास नको, पण थोडं चालता येतंय, तर जॉर्डन. बहिणीला मी जॉर्डनच सांगितलंय, मार्च-एप्रिलमध्ये.