आई-बाबांचा पहिला परदेश: नेपाळ की श्रीलंका?

"आई-बाबांना एकदा परदेश दाखवायचाय, कुठे नेऊ?" इंदूरच्या राजेंद्रनगर, लोकमान्यनगरातल्या ओळखीच्या घरांतून हा प्रश्न मला वरचेवर येतो. देवदर्शन हवं, फार धावपळ नको, विमानात तासन्‌तास बसणं नको, म्हटलं की नेपाळ आणि श्रीलंका ही दोनच नावं उरतात. इंदुरातून थेट विमान दोन्हीकडे नाही. काठमांडूला दिल्लीहून जायचं, कोलंबोला मुंबई किंवा चेन्नईहून.

आधी सुट्टी कधीची ते बघा, निम्मा निकाल तिथेच लागतो. दिवाळीत जायचं तर नेपाळ. पाऊस सरलेला असतो, हिमशिखरं स्वच्छ दिसतात. श्रीलंकेत मात्र त्या दिवसांत दुपारनंतर धो धो कोसळू शकतो. जानेवारी-फेब्रुवारीत उलट. श्रीलंकेतलं कँडी शहर आणि दक्षिण किनारा तेव्हा सुरेख, तर काठमांडूत सकाळ-संध्याकाळ कडाक्याची थंडी.

खरा घोळ कागदपत्रांत होतो. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, आधार मात्र फक्त ६५ वर्षांवरच्यांना आणि १५ वर्षांखालच्यांना. समजा बाबा ७१ वर्षांचे आणि आई ६३ वर्षांची. बाबांचं आधारवर भागेल, आईचं नाही. तिच्या मतदार कार्डावर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं असेल, तर काउंटरवरच अडाल. श्रीलंकेला पासपोर्ट हवाच, तोही किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला, शिवाय निघण्याआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी. तिची फी आणि नियम बदलत राहतात, आणि जादा पैसे उकळणाऱ्या साइट्सही आहेत, म्हणून अर्ज सरकारी साइटवरच भरा. कुठेही न्या, पण दोघांचे पासपोर्ट आजच करायला टाका.

आता गुडघे आणि दम. काठमांडू साधारण १,४०० मीटरवर, पोखरा त्याहून खाली. तिथे त्रास नाही. काळजी मुक्तिनाथची. "एवढं आलोच आहोत तर" म्हणत लोक तो जोडतात. मंदिर सुमारे ३,७०० मीटरवर आहे, आणि पोखराहून सकाळच्या विमानाने जोमसोम गाठून जीपने वर गेलं की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. दमा, रक्तदाब असेल, अँजिओप्लास्टी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा हट्ट करू नका. प्रवास विम्यात तेवढ्या उंचीवरचे उपचार आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का, तेही वाचून घ्या. काठमांडू-पोखरा रस्ता सुमारे २०० किलोमीटरचा, पण अख्खा दिवस मोडतो. विमानाने अर्धा तास. जाताना उजवीकडची खिडकी मागा, हिमालय त्याच बाजूला असतो.

श्रीलंकेत उंचीचा प्रश्न नाही. नुवारा एलिया हे डोंगरातलं गाव १,९०० मीटरच्या आत आहे, जवळचं सीता अम्मन मंदिर रस्त्यालगतच. सिगिरिया या कातळावरच्या किल्ल्याच्या सुमारे १,२०० पायऱ्यांना मात्र हात जोडा, खालच्या बागा दाखवा.

जेवणात नेपाळ सोपा. दाळ-भात-तरकारी कुठेही मिळते, हिंदी समजते. फक्त मोमो मागवताना व्हेज स्पष्ट सांगा. 'बफ' म्हणजे म्हशीचं मांस. श्रीलंकेत दर वेळी विचारावं लागतं. आपल्या ओल्या खोबऱ्याच्या चटणीसारखा दिसणारा पोल संबोल आई आनंदाने वाढून घेईल, पण त्यात बहुधा सुक्या मासळीचा चुरा असतो. कोलंबोत वेल्लवत्ते भागात तमिळ शाकाहारी हॉटेलं आहेत. बाकीच्या दिवसांसाठी बॅगेत मेतकूट असू द्या.

नेपाळमध्ये १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, दर पक्का. दुकानदाराने भाव सांगितला की "आयसी की एनसी?" विचारा, म्हणजे भारतीय की नेपाळी. शंभराच्या नोटा न्या. श्रीलंकेत आपले रुपये चालतील असं धरू नका. फॉरेक्स कार्ड (परकीय चलन भरलेलं कार्ड) आणि थोडे डॉलर ठेवा. यूपीआय २०२४ पासून दोन्हीकडे आहे, पण सगळ्या दुकानांत नाही.

सुट्टी दोन्हीला जुळत असेल, तर पहिल्या खेपेला माझा कौल नेपाळला, मुक्तिनाथ वगळून. पशुपतिनाथाचं दर्शन झालं की आई-बाबांची यात्रा पूर्ण होते, आणि भाषा-जेवणामुळे दोघं तुमच्यावर अवलंबून राहत नाहीत. समुद्र आणि रेल्वेचं वेड असलेल्या घराने मात्र श्रीलंकाच धरावी. कँडी ते एला ही चहामळ्यांतली रेल्वे बघायचीच असेल, तर राखीव जागा लवकर घ्या आणि निघण्याआधी मार्ग चालू असल्याची खात्री करा. अतिवृष्टीत तिथे दरडी कोसळतात.