खरेदीखत की ठोका? गाणं-कविता देताना करार कोणता करावा

बीड-परभणीकडच्या गायक-लेखकांपुढं हल्ली जे करार येतात, त्यांतली भाषा कितीही वळणाची असो, प्रकार तीनच: हक्कांचं हस्तांतरण, कायमचा परवाना आणि मुदतीचा परवाना. वावराच्या भाषेत पहिलं खरेदीखत, तिसरा ठोका, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जमीन कसायला देणं. मधला प्रकार वावरात सापडत नाही, आणि घोळ तिथंच होतो.

हस्तांतरणात मालकच बदलतो. समोरच्यानं ते गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणं आपोआप ओळखून मालकाच्या नावानं दावा लावणाऱ्या यंत्रणेत) टाकलं, की तुमच्याच चॅनलवर तुमच्याच गाण्यावर दावा लागतो आणि त्या व्हिडिओचे पैसे त्याच्याकडं वळू शकतात. तुमच्याकडं उरतो तो गीतकार-संगीतकार म्हणून रॉयल्टीतला वाटा, जो २०१२ च्या दुरुस्तीनंतर लिहून देऊनही सोडता येत नाही, आणि कॉपीराइट कायद्याचं कलम ५७: रचनाकार म्हणून ओळख सांगण्याचा हक्क, आणि रचनेची मोडतोड करून कुणी नावाला बट्टा लावला तर हरकत घेण्याचा. पुन्हा त्या गाण्याकडं वळून बघायचं नाही, इतकी रक्कम मिळत असेल तरच इथं सही करावी.

कायमच्या परवान्यात मालकी तुमची राहते. तो नॉन-एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्या एकट्यालाच दिलेला नसेल, तर तेच गाणं उद्या दुसऱ्यालाही देता येतं. एक्सक्लुझिव्ह आणि कायमचा असेल तर मात्र मालकी कागदावरच. ते खरेदीखतच आहे, भाव तेवढा ठोक्याचा. कायमचा म्हणजे कॉपीराइट संपेपर्यंत. कवितेचा कॉपीराइट कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे कवी २०४० साली गेला तर २१०० च्या डिसेंबरअखेरपर्यंत. छापील पुस्तक, माहितीपट, संग्रहालयातलं दालन अशा ठिकाणी एकदा घातलेली गोष्ट उपसून काढता येत नाही. त्यांनी कायमचा, पण नॉन-एक्सक्लुझिव्ह परवाना मागितला तर तो रास्त आहे. चॅनल किंवा ॲपला त्याची गरज नसते.

त्यांच्यासाठी मुदतीचा परवाना बरा. ३ वर्षं, नंतर दोघांच्या लेखी संमतीनं वाढ. रक्कम कमी मिळेल, पण गाणं चाललं तर पुढचा भाव तुम्ही ठरवाल.

करारात काय लिहिलंय, यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते आधी बघा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. कलम ३०अ मुळं परवान्यालाही हेच लागू. म्हणजे 'कायमचं' हे गृहीत धरलं जात नाही. समोरच्याला ते शब्दांत लिहून घ्यावं लागतं. घेतलेला हक्क १ वर्षात वापरला नाही तर तो परत येतो, हे कलम १९(४). म्हणूनच छापील मसुद्यात बऱ्याचदा 'कलम १९(४) लागू राहणार नाही' अशी ओळ मागच्या पानावर दडवलेली असते. ती खोडायला सांगा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार करताना अस्तित्वात नसलेलं माध्यम हस्तांतरणात आपोआप येत नाही. त्याचा उल्लेख लागतो.

भारुडवाल्यांचा हिशेब वेगळा. पैठणच्या एकनाथांचं भारूड कुणीही गावं, ते विकायला कुणाच्याच मालकीचं नाही. पण तुमच्या सादरीकरणाचा हक्क तुमचा, ५० वर्षं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क निर्मात्याचा, प्रकाशनापासून ६० वर्षं. म्हणून करारात 'भारुडाचे सर्व हक्क' असं मोघम न लिहिता 'अमुक तारखेचं, इतक्या मिनिटांचं ध्वनिमुद्रण' असं लिहावं. चाल किंवा मधले संवाद तुमचे स्वतःचे असतील तर ते वेगळे नोंदवून घ्या.

करार लेखी आणि सहीचा हवा. फोनवरच्या 'हो'वर परवानाही होत नाही. मोबदला आकड्यात लिहा. नॉन-एक्सक्लुझिव्ह देत असाल तर 'कंटेंट आयडीत टाकणार नाही' ही ओळ घाला. यूट्यूबच्या नियमानं त्याला एक्सक्लुझिव्ह हक्क लागतातच. आणि मुदतीच्या परवान्यात 'मुदत संपल्यावर ३० दिवसांत सर्व ठिकाणांहून काढेन' हे विसरू नका, नाहीतर मुदत संपते आणि व्हिडिओ तिथंच राहतो.