न्यूरॉन-ग्लिया मॉडेल: स्ट्रोक शिकवायला घ्यावं का?

आमच्या नर्सिंग कॉलेजच्या लॅबसाठी मेंदूतल्या चेतापेशी (न्यूरॉन) आणि त्यांना सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी दाखवणारं हे मॉडेल ऑनलाइन मागवलं, पीव्हीसीचं आहे, साधारण साडेसहा हजाराला पडलं. कंपनीचं नाव देत नाही कारण जवळपास असंच मॉडेल बरेच जण विकतायत.

आधी लॅबमध्ये जे होतं त्यात नुसता न्यूरॉन, त्याचा लांबलचक ॲक्सॉन (संदेश पुढे नेणारा तंतू) आणि आजूबाजूला काहीच नाही. त्याच्यावर स्ट्रोक शिकवायचा म्हणजे अर्धीच गोष्ट सांगायची. यात मात्र हिरव्या रंगाचा ॲस्ट्रोसाइट (ताऱ्यासारखी दिसणारी ग्लिया पेशी) आहे, त्याचा एक पाय लाल केशवाहिनीला धरून आणि दुसरा दोन न्यूरॉनच्या जोडापाशी, आणि खरं सांगते, पैसे या एका भागासाठीच वसूल आहेत.

मी काय करते, मुलींना केशवाहिनीवर बोट ठेवायला सांगते, हीच गुठळी समजा, आता पुढे काय होईल? मग एकेक भाग दाखवत जायचं. रक्त थांबलं की न्यूरॉनची ऊर्जा काही मिनिटांत संपते, ग्लुटामेट (न्यूरॉन एकमेकांना संदेश द्यायला वापरतात ते रसायन) नुसतं बाहेर सांडायला लागतं, ते शेजारच्या न्यूरॉनला इतकं उत्तेजित करतं की त्याच्यात कॅल्शियम भरतं आणि तोही मरतो. इथे ॲस्ट्रोसाइट कामाला येतो, तो हे ग्लुटामेट आत ओढून घेतो आणि त्याचं निरुपद्रवी ग्लुटामाइन करतो, जास्तीचं पोटॅशियमही शोषतो, स्वतःकडच्या ग्लायकोजेनमधून (साठवलेली साखर) ऑक्सिजन नसतानाही लॅक्टेट बनवून न्यूरॉनला इंधन म्हणून देतो, शिवाय ग्लुटाथायोन (पेशीचं नुकसान रोखणारा पदार्थ) बनवायला लागणारा मालही पुरवतो. एका पेशीवर एवढी कामं आहेत हे मुलींना चित्रातून कधीच पटत नव्हतं, इथे हात लावून बघतात आणि पटतं.

अर्थात हे सगळं रक्त थांबलेल्या जागेच्या अगदी मधल्या भागात फार वेळ टिकत नाही, तिथे ॲस्ट्रोसाइटचीही ऊर्जा संपते आणि उलट त्याच्यातूनच ग्लुटामेट बाहेर येऊ शकतं. पण कडेचा भाग, पेनम्ब्रा, जिथे थोडंफार रक्त पोचतंय, तिथे या पेशी न्यूरॉनला धरून ठेवतात. मोठी रक्तवाहिनी बंद असेल आणि उपचार झाला नाही तर मिनिटाला साधारण 19 लाख न्यूरॉन जातात, म्हणून गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, आणि ते देण्याआधी रक्तस्राव नाही ना हे बघायला सीटी स्कॅन. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं की लगेच 108 लावायचा, मालिश करत घरी बसायचं नाही, हे मी मॉडेल हातात धरूनच सांगते.

आता ज्या गोष्टी आवडल्या नाहीत. ॲस्ट्रोसाइटच्या पायावर पाण्याचे चॅनेल असतात, ॲक्वापोरिन-4, स्ट्रोकमध्ये त्यांच्यातूनच पाणी आत शिरून पेशी फुगते आणि सूज वाढते. ते मॉडेलवर कुठेच नाहीत, त्यामुळे ॲस्ट्रोसाइट फक्त चांगलंच करतो असा समज होतो. मायक्रोग्लिया, म्हणजे आणखी एक ग्लिया पेशी, तर नुसता तपकिरी ठिपका केलाय, त्याला फांद्याच नाहीत! मेलेल्या पेशींचा कचरा साफ करणारी आणि कधी जळजळ वाढवणारी पेशी, तिला एवढं कमी लेखायला नको होतं.

सोबतच्या पुस्तिकेवर तर माझा फार राग आहे. त्यात लिहिलंय ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात. 2009 मध्ये मोजणी झाली त्यात साधारण 86 अब्ज न्यूरॉन आणि जवळपास तेवढ्याच बाकीच्या पेशी निघाल्या, तरी अजून तेच जुनं छापतात. शेवटच्या पानावर मेंदूच्या पेशी वाचवणाऱ्या औषधांबद्दल मोठमोठ्या गोष्टी आहेत. प्राण्यांमध्ये चाललेली अशी कितीतरी औषधं माणसात चालली नाहीत, एनएक्सवाय-059 चं उदाहरण आहेच, 2007 मध्ये त्याच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. 2016 मध्ये उंदरांमध्ये ॲस्ट्रोसाइट स्वतःचे मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा बनवणारे भाग) न्यूरॉनला देताना दिसले, हे खरंच भारी आहे, पण त्यातून पेशंटसाठी गोळी तयार आहे असं मुलींना वाटता कामा नये, वॉर्डात नातेवाईक पहिला प्रश्न तोच विचारतात.

बेसचा एक स्क्रू ढिला आला होता, आमच्या लॅब असिस्टंटने बदलला, रंग अजून टिकून आहे. पाचपैकी चार स्टार. मोठं ब्रेन मॉडेल आधीच असेल तर पुढची खरेदी हीच करा, फक्त पुस्तिका मुलांच्या हातात देऊ नका.